सिक्युरिटीची डिग्री आणि पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब

सकाळी ६.३०

चहाला आधण ठेवलं की भावजींचा फोन येतो. माझे धाकटे दीर पुण्यात खराडीला एका कंपनीच्या सायबर सुरक्षा कक्षात रात्रपाळी करतात. सहाला पाळी सुटते, खोलीवर पोचेपर्यंत घरी बोलून घेतात. आत्याबाईंनी बीपीची गोळी घेतली का, पाऊस झाला का, लिंबाला काय भाव मिळाला. मग हसत विचारतात, "वहिनी, आज माझ्या नावाने किती गिऱ्हाइकं येणार?"

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की कर्जतला आमच्या महा ई-सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. दाखले, कॅपची नोंदणी, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, शिवाय पोलिस भरती आणि अग्निवीर. गेल्या काही वर्षांत त्यात एक चौकशी वाढलीय, सायबर सिक्युरिटीच्या डिग्रीची. भावजींचं गावाला एवढंच माहीत की ते कॉम्प्युटरवर चोर पकडतात आणि त्यांनी घरी फ्रीज घेतला. तेवढ्यावर लोक पोराचं करिअर ठरवायला निघतात.

८.३०

शटर वर. केंद्र तहसील कचेरीच्या रस्त्याला आहे. दोन कॉम्प्युटर, अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, लॅमिनेशन आणि लाईट गेली तर तासभर तग धरणारा इन्व्हर्टर. पहिला अर्धा तास सर्व्हर मोकळा असतो, म्हणून कालचे अडकलेले अर्ज आधी ढकलते. उत्पन्नाच्या दाखल्याचे चार, नॉन-क्रिमिलेअरचे दोन. नॉन-क्रिमिलेअर प्रांताकडे जातो, त्याला वेळ लागतो, आणि लोक येतात शेवटच्या दिवशी. हे दरवर्षीचं आहे, त्यावर आता बोलत नाही.

९.१५

राशीनकडच्या एका गावातून बाप-लेक आलेत. बाप पंचेचाळिशीचा, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, आधार आणि सगळ्यांच्या वर एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची. बी.टेक., सायबर सिक्युरिटी. मुखपृष्ठावर काळी टोपी घातलेला पोरगा निळ्या पडद्यासमोर बसलाय.

"ताई, उत्पन्नाचा दाखला काढायचाय. लोनला लागतोय."

"किती लोन दादा?"

"दहा लाख म्हणत्यात. उरलेलं मी बघतो."

'मी बघतो' म्हणजे काय ते त्या सातबाऱ्यावरून मला कळलं. अडीच एकर, त्यातलं एक एकर लिंबू. मी दाखल्याचा अर्ज भरायला घेतला आणि भरता भरता विचारलं, "फी किती सांगितली?"

पोरानेच सांगितलं. वर्षाला तीन लाख, हॉस्टेल वेगळं. "पण प्लेसमेंट शंभर टक्के आहे," तो म्हणाला. पुस्तिकेत तसं छापलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत 'असिस्टन्स' असंही छापलं होतं, म्हणजे मदत.

खराब झालेल्या प्रिंटचे कागद मी टाकत नाही, पाठकोऱ्या बाजूला हिशोब करते. त्यातला एक घेतला आणि लिहायला लागले. फी तीन लाख गुणिले चार, बारा लाख. पुण्यात खोली आणि मेस महिन्याला नऊ हजारांच्या खाली जात नाही. वर्षाचे दहा महिने धरले तरी चार वर्षांत तीन लाख साठ हजार. लॅपटॉप साठ हजार. परीक्षा फी, येणं-जाणं, कपडालत्ता, आजारपण वर्षाला तीस हजार, म्हणजे एक लाख वीस. बेरीज सतरा लाख चाळीस हजार.

बापाने कागद हातात घेतला. "आमाला तर त्यांनी बाराच सांगितलं."

"त्यांनी त्यांचं सांगितलं," मी म्हटलं.

मग मी त्याला ती गोष्ट सांगितली जी या मोसमात मी दिवसातून अनेकदा सांगते आणि जी त्या पुस्तिकेत कुठेच नसते. सरकारची शुल्क सवलत मिळते ती कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय फेरीतून प्रवेश घेतला तर. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्क निम्मं होतं. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागा असतात, तिथे शिकवणी शुल्कच नाही, पण त्यासाठी गुण चांगले लागतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठात थेट प्रवेश घेतला की या सवलती सुटल्या. तिथे महाडीबीटीचा फॉर्म भरून उपयोग नाही, कितीही गरीब असा.

"सीईटी दिली का रे?"

"दिली. ब्याऐंशी पर्सेंटाइल."

"मग कॅपचा फॉर्म?"

पोरगा गप्प. विद्यापीठाच्या माणसाने घरी येऊन सांगितलं होतं की कॅपच्या भानगडीत पडलात तर इथली सीट जाईल. म्हणून पंचवीस हजार भरून ती 'बुक' केली होती. नोंदणीची मुदत अजून शिल्लक होती. दाखल्याची पावती दिली आणि संध्याकाळी पाचनंतर या म्हटलं, भावजी उठल्यावर त्यांच्याशी बोला.

१०.३०

महाडीबीटी उघडत नाही. आधारशी जोडलेला मोबाईल नंबर जुना, ओटीपी कोणाच्या तरी बंद पडलेल्या सिमवर. एका आजोबांचा अंगठा उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. दोन तास यातच जातात.

मधल्या गर्दीत एक मायलेकी आल्या, मिरजगावकडच्या. पोरीला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल. आईला हवा होता नॉन-क्रिमिलेअर, आणि डोक्यात होतं डी.एड. मी विचारलं, इंजिनीअरिंग का नको? "फी कुठून आणायची?"

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झालीय. तिथेही अट तीच, प्रवेश कॅपमधून हवा. त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या सगळ्यांमध्ये सगळ्यात स्वस्तात इंजिनीअर होऊ शकणारी व्यक्ती ही पोरगी होती आणि तिच्या घरात ते कोणाला माहीत नव्हतं. तिचा खर्च राहतो तो खोली, मेस आणि लॅपटॉपचा. आईने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्या सिक्युरिटीत पोरीला रात्रपाळी असती का?"

प्रश्न रास्त होता. उत्तर मला द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनाही पाचची वेळ दिली.

१२.१५

एक शेतकरी धावतपळत आले, फोन हातात धरून, जणू चटका बसतोय. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एक फाईल आली होती. हप्ता अडकलाय, केवायसी करा. त्यांनी ती दाबली. फाईल म्हणजे एपीके, एक अ‍ॅपच. ते फोनमध्ये बसलं आणि बँकेचे मेसेज तिसऱ्याच माणसाला जायला लागले. सकाळी खात्यात कांद्याचे पैसे होते. आता अठ्ठेचाळीस हजार गेलेले.

रांग थांबवली. त्यांचा फोन फ्लाइट मोडवर टाकला, माझ्या फोनवरून १९३० लावला. हा राष्ट्रीय सायबर मदत क्रमांक आहे. लवकर कळवलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते थोपवता येतात, पुढे दहा खात्यांत फुटले की संपलं. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, सगळं त्यांच्या मुलाकडून वाचून घेतलं. मग बँकेत फोन, खातं गोठवा. मग सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार आणि तिची पावती. सायबर पोलिस ठाणं नगरला. तिथे जाण्याआधी इथल्या ठाण्यात ही पावती दाखवा म्हणून सांगितलं. आणि त्याच ग्रुपवर त्यांच्याच नावाने ती फाईल पुढे गेली होती, ती आधी काढायला लावली. हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पाऊण तास गेला. याचे मी पैसे घेत नाही. पण एक विचार येतोच. या तालुक्यात सायबर सुरक्षेची गरज किती आहे ते मी रोज बघते, आणि त्या कामाचा पगार देणारी एकही खुर्ची या तालुक्यात नाही. गरज इथे, नोकरी खराडीला.   

२.००

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, लिंबाचं लोणचं. शटर अर्धं खाली, तरी एक जण वाकून आत. आमच्याच आळीतला पोरगा, चाकणला एका कारखान्याच्या गेटवर गार्ड आहे, रजेवर आलाय. पीएफचे पैसे काढायचेत. बारा तासांची ड्युटी, कापून हातात चौदा हजार, वर्दीचे पैसेही कापले म्हणतो. एजन्सीने प्रशिक्षण दिलं का विचारलं तर हसला. खासगी सुरक्षा एजन्सीच्या २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत गार्डसाठी शंभर तास वर्गातलं आणि साठ तास मैदानावरचं प्रशिक्षण ठेवलंय. त्याला पहिल्या दिवशी शिट्टी आणि रजिस्टर मिळालं.

"ताई, सायबरवाल्याला किती पडतो?"

"सुरुवातीला तेवीस."

"अन् डिग्रीला?"

मी सकाळचा कागद दाखवला. त्याने सतरा लाखांवर बोट ठेवलं आणि लोणच्याची फोड मागितली.

३.१५

पोलिस भरतीची पोरं दुपारीच येतात. सकाळी रस्त्याला धावणं, दुपारी अभ्यासिका. त्यांचं गणित सरळ. बारावी पास, पन्नास गुणांचं मैदान, शंभर गुणांची लेखी. शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू, महागाई भत्ता वेगळा. डिग्री लागत नाही, खर्च म्हणजे अकादमीची फी, बूट आणि दूध. पण २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर. शंभरातला एक लागणार. उरलेल्या नव्व्याण्णवांना तीन-चार वर्षांनी माझ्याकडे दुसरा फॉर्म भरायला यावं लागतं.

अग्निवीरचं कोष्टक भिंतीला चिकटवून ठेवलंय, कारण तोंडाने सांगून थकले. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, चौथ्या वर्षी चाळीस. त्यातले तीस टक्के सेवा निधीत, तेवढेच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याज धरून ११ लाख ७१ हजार हातात. चारातला एक पुढे कायम होतो. एका पोराने मार्मिक बोलून दाखवलं. "सायबरवाला चार वर्षांत सतरा लाख घालवतो, आपण चार वर्षांत बारा लाख घेऊन येतो." बरोबरच आहे. फक्त चार वर्षांनंतर बावीस-तेविसाव्या वर्षी दोघेही कामच शोधत असतात आणि तेव्हा कोणाच्या हातात काय कसब आहे हा प्रश्न येतो. हे मी त्याला म्हटलं, त्याला आवडलं नाही.

आणखी एकाला गांधीनगरचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ हवं होतं. २०२० च्या कायद्याने झालेलं केंद्राचं विद्यापीठ आहे, चांगलं आहे. त्याला वेबसाईट उघडून दिली. फॉरेन्सिकची चौकशी असेल तर मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, हेही सांगते. फी कमी, पण नोकऱ्यांच्या जागा मोजक्या आणि सरकारी जाहिरातीची वाट बघणं आलं.

५.२०

बाप-लेक आणि मायलेकी, चौघंही आले. भावजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. नुकतेच उठलेले, आवाजात झोप.

बापाचा पहिला प्रश्न, "साहेब, तुमी काय शिकला?"

"साहेब नका म्हणू काका. मी इथंच दादा पाटील कॉलेजात बी.एस्सी. केली. मग पुण्यात एमसीए दोन वर्षं. मग सी-डॅकचा सहा महिन्यांचा कोर्स, सिक्युरिटीचा."

"मंजी सायबरची डिग्री न्हाय?"

"नाही. आमच्या शिफ्टला आठ जण आहेत, दोघांकडे आहे. बाकी कोण कॉम्प्युटर, कोण ईएनटीसी, एक तर मेकॅनिकल."

भावजी काम सांगायला लागले तेव्हा पोरगा पुढे सरकून बसला. कंपनीच्या, बँकेच्या हजारो यंत्रांमधून क्षणाक्षणाला नोंदी येतात. कोण कुठून लॉगिन झालं, कुठली फाईल उघडली. एक सॉफ्टवेअर त्या चाळतं आणि संशय आला की घंटा वाजवतं. पहिल्या पायरीवरच्या माणसाने ती घंटा बघायची आणि ठरावीक मिनिटांत ठरवायचं की खोटी आहे की खरी. बहुतेक खोट्या. कोणीतरी पासवर्ड विसरून पाच वेळा चुकीचा टाकलेला असतो. रात्री तीनला डोळे मिटत असताना जी एक खरी असते, ती सुटली की नोकरीवर येतं.

"रात्री तीनलाच का?" पोरीने विचारलं.

"चोराला सुट्टी आणि रात्र आवडते म्हणून," भावजी म्हणाले आणि कॉसमॉस बँकेचं सांगितलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याची जुनी सहकारी बँक. कोणीतरी आधीच बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून बसलं होतं. कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जाण्याऐवजी मध्येच एक बनावट स्विच 'द्या' म्हणून उत्तर देत होता. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण ९४ कोटी. पुण्याच्या कोर्टाने २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षा केली. ते बहुतेक एटीएममधून पैसे काढणारे हात होते.

"मग आमच्या नोकऱ्या आल्या कुठून? इथून," ते म्हणाले. २०१९ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना चार पातळ्यांत वाटलं आणि सगळ्यात वरच्या पातळीला असा सुरक्षा कक्ष ठेवणं बंधनकारक केलं. २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने हुकूम काढला, हल्ला झाला की सहा तासांत कळवा, नोंदी १८० दिवस जपा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. कंपन्यांना सुरक्षेची हौस नव्हती, नियमांनी भाग पाडलं. नियम आहेत तोवर काम आहे.

पगार मी आधीच सांगितलेला, त्यांनी तोच सांगितला. सुरुवात सव्वातीन लाखांच्या पॅकेजवर, हातात तेवीस हजार. एमसीएनंतर लगेच काही मिळालं नव्हतं. वर्षभर एका ठिकाणी प्रिंटर आणि नेटवर्कच्या तक्रारी सोडवल्या, महिना बारा हजारांवर. आता तीन वर्षांनी सातच्या घरात. "पण तीन वर्षं रात्र काढावी लागते. आमच्यातले निम्मे सोडून गेले. आणि पहिल्या पायरीचं घंटा चाळायचं काम आता मशिनच करायला लागलंय, म्हणून नुसतं टूल शिकून येणाऱ्याचं अवघड आहे. नेटवर्क, लिनक्स, थोडं प्रोग्रॅमिंग पक्कं पाहिजे. मुलाखतीत मला डिग्रीचं नाव नाही विचारलं. लॉग समोर ठेवला आणि म्हणाले, यात काय झालंय सांग."

पोरीच्या आईला त्यांनी सांगितलं की त्यांच्या पाळीत दोन मुली आहेत, कंपनीची गाडी दारातून नेते-आणते, आणि सुरक्षेतलं सगळंच काम रात्रीचं नसतं. तपासणी, ऑडिट, नियमपालन हे दिवसाचं. आईने मान हलवली. पटलं की नाही सांगता येत नाही.

एक गोष्ट त्यांनी खासगी विद्यापीठाच्या बाजूनेही सांगितली, आणि ती खरी आहे. कंपन्या कॅम्पसवर येतात त्या मोठ्या शहरातल्या ठरावीक कॉलेजांत. बी.एस्सी.-एमसीए करून बाहेरून अर्ज करणाऱ्याला महिनोन्महिने उत्तर येत नाही, ते त्यांनी भोगलंय. जास्तीची फी पुष्कळशी त्या दारासाठी असते. प्रश्न एवढाच, दार उघडून आत तेवीसच हजार मिळणार असतील तर त्याची किंमत किती द्यायची.

६.३०

फोन ठेवल्यावर कागद पुन्हा काढला, या वेळी हप्त्यासाठी. दहा लाखांचं कर्ज, दरवर्षी अडीच लाख उचललं, दहा टक्के व्याज. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक, हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढतं. साधं व्याज धरलं तरी साडेतीन लाख. फेडायला सुरुवात होईल तेव्हा साडेतेरा लाख उभे असतात. सात वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला २२,४००. हातात येणार तेवीस हजार.

बाप त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. "मंग खायचं काय?"

पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता साडेचौदा हजार, पोरगं अडतिशीला येईपर्यंत. पीएम विद्यालक्ष्मीत व्याजात सवलत आहे, पण ती केंद्राच्या यादीतल्या संस्थांसाठी; यादी उघडली, पुस्तिकेवरचं नाव त्यात नव्हतं.

मग दुसरा रकाना. कॅपमधून बारामती, लोणी, संगमनेर किंवा नगरजवळचं कॉलेज, साधं कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. सवलत वजा जाता वर्षाला पासष्ट हजार धरले, मेस-खोली साडेसहा हजार. लॅपटॉप आणि वरखर्चासकट चार वर्षांचे सुमारे सात लाख. चार लाख कर्ज काढलं तर त्याच व्याजाने हप्ता नऊ हजार. पगारात बसतो. तिसरा रकाना भावजींचा: कर्जतला राहून बी.एस्सी., मग सीईटी देऊन एमसीए. साडेचार लाखांच्या आत, पण एक वर्ष जास्त आणि बारावीला गणित हवं, नाहीतर पदवीला.

"मग नावात सायबर नसणार?" पोराचा चेहरा पडला होता.

कॅपच्या यादीत नावात सायबर असलेल्याही शाखा आहेत. एकीचं नाव तर एवढं लांब की पडद्यावर दोन ओळी लागतात: इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी. हवी तर तीही घाल, म्हटलं, पण सरळ कॉम्प्युटरच्या खाली. कॉम्प्युटरवाला सुरक्षेत जाऊ शकतो आणि नाही जमलं तर दुसरीकडे वळू शकतो. वर चार वर्षांत एनपीटीईएलवर आयआयटीचे सुरक्षेचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची तर हजार रुपये. महागडी प्रमाणपत्रं पगार सुरू झाल्यावर घ्यावीत, त्यातल्या काहींची परीक्षा लाखाच्या पुढे जाते आणि बऱ्याचदा कंपनीच पैसे भरते.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. सतरा लाखांचा रकाना ज्याला कर्ज काढावं लागत नाही त्याच्यासाठी आहे. अडीच एकरवाल्याने त्यात पडू नये. पुस्तिकेच्या माणसाला राग येईल, येवो.

बाप म्हणाला, "अन् ते पंचवीस हजार?" प्रवेश रद्द केल्यावर पैसे परत करण्याचे यूजीसीचे नियम आहेत, तसा अर्ज लिहून दिला, ईमेल केला, पोच काढून हातात दिली. मिळतील तेव्हा खरं.

८.१५

पोराची कॅपची नोंदणी झाली. पोरीचीही, आणि तिच्या यादीत मी पुण्याची कॉलेजं वर घालायला सांगितली, कारण फी माफ असेल तर चांगलं कॉलेज का सोडायचं. डी.एड.चा फॉर्म आईने घडी करून पिशवीत ठेवला, टाकला नाही. अठ्ठेचाळीस हजारवाल्यांचा फोन आला, त्यातले एकोणीस हजार पुढच्या खात्यात अडवले गेलेत म्हणे. गल्ल्यात आजचे पैसे मोजले, त्यात कागदाच्या रिमचाही खर्च निघाला नाही असे दिवस असतात, आज निघाला.

शटर ओढायच्या आधी, जे उद्या येणार आहेत त्यांच्यासाठी. येताना तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणि चालू मोबाईल नंबरला जोडलेलं आधार आणा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, म्हणून यादीत पहिलं नाव विचार करून घाला. आणि कुठल्याही कॉलेजला एक रुपया भरण्याआधी ते कॅपमध्ये आहे का, आणि महाडीबीटीची सवलत तिथे मिळते का, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा.